फवारणीआधी मित्रही मोजा

उसाचं पान उलटं करून बघायची सवय मला २००२ च्या पावसाळ्यात लागली. तोवर सासरी येऊन बारा वर्षं झाली होती. लागण, भांगलण, पाचट काढणं सगळं अंगवळणी पडलं होतं, पण पान उलटं करून आमच्यात कुणी बघत नसे. ऊस वरून हिरवा दिसला की झालं. त्या वर्षी जुलैत सांगली जिल्ह्यात लोकरी मावा पहिल्यांदा दिसला आणि दिवाळीच्या आत वाळवा तालुक्यातला आमचा फडही त्याच्या तावडीत सापडला. पानाच्या पाठीला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी, पिंजलेला कापूस चिकटवावा तसा पांढरा थर. बोट फिरवलं की थर निघायचा आणि खाली बारीक मावा वळवळायचा. त्याच्या अंगातून गोड, चिकट थेंब खालच्या पानांवर पडायचे आणि त्यांच्यावर काळी बुरशी चढायची. वरचं पान हिरवं, त्याची पाठ पांढरी आणि खालचं पान काळं.

बाईमाणसाला पहिला घोर गोठ्याचा असतो. उसाचं वाढं म्हणजे आमच्याकडची हक्काची वैरण. तेच चिकट आणि काळं झालं, म्हशी त्याला तोंड लावेनात. सासरे, आमचे आबा, वाढ्याचा भारा हौदावर नेऊन पाण्याने धुवायचे आणि मग जनावरांपुढं टाकायचे. सत्तरीचा माणूस थंडीत वाढं धुतोय हे मी अजून विसरलेली नाही.

आम्ही केलं ते सगळ्यांनीच केलं. पंप पाठीवर घेतला. आडसाली ऊस तोवर दोन पुरुष उंच झालेला, आत शिरलं की पानांच्या धारेने हात आणि गाल कापतात. मावा पानाच्या पाठीवर आणि औषध वरून मारायचं. म्हणजे निम्मं औषध माव्याला न लागता मारणाऱ्याच्याच अंगावर उतरणार. पहिल्या फवारणीच्या रात्री मालकांना उलट्या झाल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली. तीन आठवड्यांत मावा परत होता तसा. दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. त्या हंगामात आमचा किती पैसा औषधात गेला याचा हिशेब आबांनी वहीत लिहिला आणि ते पान मग कधी उघडलं नाही.

पुढच्या वर्षी कारखान्याच्या शेती खात्यातले एक भाऊ बांधावर आले. त्यांच्या पिशवीत उसाची पानं होती, तीही माव्याने भरलेली. मी म्हटलं, भाऊ, ही काय कमी आहेत का आमच्याकडं? त्यांनी पान उलटं केलं आणि पांढऱ्या लोकरीतलं एक जाळं काडीनं बाजूला सारलं. आत हिरवट करड्या रंगाची एक अळी. माझं बोट चिरडायला पुढं गेलंच होतं, त्यांनी हात धरला. म्हणाले, वहिनी, ही माव्याला खाते.

ती डिफा. अळी म्हटली की ती पीक खाणारच असं आपण धरून चालतो, पण पतंगाची ही अळी माव्यावर जगते. माव्याच्याच लोकरीत जाळं विणून राहते आणि तिथंच बसून एकेक मावा फस्त करते. हेक्टरी हजारभर अळ्या सोडा अशी शिफारस होती. आम्ही काही अळ्या मोजून विकत आणल्या नाहीत. ज्या फडात डिफा दिसली तिथून पानांचे तुकडे कापायचे, डालग्यातून आणायचे आणि आपल्या उसाच्या पानाला सुतळीने बांधायचे. गावातल्या आम्ही सात-आठ बायकांनी हे काम केलं. महिना-सव्वा महिन्याने पान उलटं केलं तर लोकरीच्या चिंध्या आणि माव्याची वाळकी टरफलं तेवढी शिल्लक. तपकिरी, जाळीदार पंखांचा, मावाच खाणारा मायक्रोमसही तोवर आला होता. आसामकडून एनकार्सिया नावाची, डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी संशोधकांनी आणून सोडली. ती माव्याच्या अंगात अंडं घालते. ईशान्येकडे हा मावा आधीपासून होता आणि त्याचे शत्रूही त्याच्यासोबत होते. आमच्याकडे मावा आधी पोचला, शत्रू मागून आले. मधल्या काळात आम्ही औषध मारत राहिलो, आणि जे थोडे मित्र आमच्याच रानात तयार होत होते त्यांनाही मारत राहिलो.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला आजही वाईट वाटतं. कारण त्या तिन्ही फवारण्यांच्या आधी आमच्या पानांवर डिफा होती की नव्हती, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. कुणी पाहायला सांगितलंही नव्हतं.

मला मांडायचं आहे ते एवढंच. आपल्याकडे फवारणीचा निर्णय एका बाजूची मोजणी करून होतो. झाडावर किडी किती, त्या नुकसानीची पातळी ओलांडतात का, ओलांडत असतील तर अमुक औषध, अमुक मिली, इतक्या लिटर पाण्यात. दुकानाच्या काउंटरवर असंच चालतं आणि मोबाइलवर येणाऱ्या सल्ल्यातही बहुधा हेच असतं. त्याच झाडावर त्या किडींना खाणारं कोण आहे आणि किती आहे, हा प्रश्न निर्णयाच्या आधी येत नाही. खरं तर शास्त्रात तो आहे. पिकाच्या परिसंस्थेचं निरीक्षण करून निर्णय घ्यायची जी पद्धत शासकीय प्रशिक्षणात शिकवतात, तिच्यात साधा ठोकताळा दिलेला आहे: दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर थांबा, फवारू नका, काही दिवसांनी पुन्हा मोजा. डिफाची एक अळी आणि एक कोळी यांची भूक सारखी नसते, म्हणून हा आकडा डोळे मिटून लावायचा नाही. पण तो आकडा लावण्यासाठी मोजावं तर लागतं! माझी मागणी अशी की फवारणीची शिफारस, मग ती सरकारी असो की दुकानातली, मित्रकीटकांची संख्या विचारल्याशिवाय देऊच नये. डॉक्टर ताप बघताना नाडीही बघतो, तसं.

मित्रकिड्याची गोष्ट मी नकळत माहेरीच ऐकली होती. माझं माहेर आटपाडीकडचं, कोरडवाहू. माझी आजी फड्या निवडुंगाच्या गोष्टी सांगायची. तिच्या लहानपणी गावाभोवती, पाणंदीला, पडीक रानात फड्या निवडुंगाची रानंच्या रानं होती. गुरं अडकायची, काटे पायात मोडायचे, साप-विंचवांना आसरा मिळायचा. पुढं एकाएकी त्या फड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला. पोरं काडीनं तो कापूस चिरडायची, तर बोटं लालभडक व्हायची. दोन-चार वर्षांत निवडुंग काळा पडून कोसळला आणि आजीच्या वडलांनी त्या जागी बाजरी पेरली. आजीला वाटायचं देवाने केलं. मला फार उशिरा कळलं की तो कोचिनील किडा होता आणि १९२६ मध्ये तो भारतात मुद्दाम आणला गेला होता.

त्याच्याही आधीची हकीकत आहे. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ब्राझीलहून कोचिनील मागवला तो किरमिजी रंगासाठी. आला भलताच, दुसऱ्या जातीचा. रंग नीट मिळाला नाही, पण त्या किड्याने निवडुंगाची एक जात देशाच्या मोठ्या भागातून साफ केली. ते पाहून १८६० च्या दशकात तो किडा मुद्दाम श्रीलंकेला नेला गेला. कीटक वापरून तण हटवण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. पण आपल्या दख्खनच्या निवडुंगाला त्या किड्याने हातही लावला नाही, कारण ती जात वेगळी. तिच्यासाठी दुसरा कोचिनील यावा लागला, तोच माझ्या आजीने पाहिलेला. एकसारख्या दिसणाऱ्या दोन किड्यांची अन्नाची निवड इतकी काटेकोर असते. आजीच्या निवडुंगावरचा पांढरा कापूस मित्राचा होता, माझ्या उसावरचा पांढरा कापूस शत्रूचा होता. नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही, वाकून बघावं लागतं.

निवडुंग गेला आणि त्याच्या जागा गाजर गवताने घेतल्या. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची पहिली नोंद झाली, आज ते पोचलं नाही असं गाव दाखवता येणार नाही. माझ्या नणंदेला त्याच्या स्पर्शाने अंगभर चट्टे उठतात, ऐन भांगलणीच्या दिवसांत ती घरात बसून राहते. यावरही उपाय म्हणून मेक्सिकोहून १९८३ मध्ये झायगोग्रामा भुंगा आणला, बंगळूरला पारखला आणि १९८४ मध्ये सोडला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, जोंधळ्याच्या दाण्याहून थोडा मोठा भुंगा. कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून पाचशे भुंगे आम्ही झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्यांतून आणले आणि शाळेमागच्या पाणंदीला सोडले. पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही. लोक म्हणाले, किडे विकत आणले आणि उडवून दिले. दुसऱ्या वर्षी पावसाच्या दोन-तीन सरी झाल्यावर भुंगे जमिनीतून वर आले, कारण थंडी-उन्हाळा ते मातीत निजून काढतात. तिसऱ्या वर्षी पाणंदीतलं गाजर गवत फुलायच्या आत चाळणी झालं होतं.

मग एका पावसाळ्यात, भुंग्यांचा जोर असताना, कुणीतरी त्या सगळ्या पाणंदीला तणनाशक मारलं. रस्ता चार दिवसांत पिवळा पडला, लोकांना स्वच्छ वाटलं. अंडी, अळ्या, भुंगे सगळ्यांचं खाणं एका दिवसात गेलं. दिवाळीपर्यंत गाजर गवत पुन्हा गुडघ्याएवढं होतं आणि भुंगा शोधून सापडेना. मारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तिथं कुणी आधीपासून कामाला आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

माझा मुलगा शेतीची पदवी घेऊन आलाय. तो म्हणतो, आई, बाहेरचा किडा आणणं धोक्याचंही असतं. बरोबर आहे त्याचं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसात आपल्या हुमणीसारख्याच अळीने मुळ्या खाल्ल्या, म्हणून १९३५ मध्ये हवाईहून शंभरेक मोठे विषारी बेडूक आणून सोडले. अळी मातीत, भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे आणि बेडूक जमिनीवर. भेटच होईना. हुमणी राहिली ती राहिली, आणि बेडकांनी देशाचा मोठा मुलूख व्यापला. त्यांना खाऊन तिथले साप-घोरपडी मेल्या. ही चूक कशाने झाली? आधी न तपासल्याने. बेडूक काहीही खातो, कोचिनील निवडुंगाशिवाय काही खात नाही, एवढा फरक त्या लोकांनी बघितला नाही. झायगोग्रामाच्या बाबतीत आपल्याकडे तो बघितला गेला. तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला तेव्हा मोठा वाद झाला, तज्ज्ञांची समिती बसली, आणि सूर्यफुलाला त्याच्यापासून खरा धोका नाही हे ठरल्यावरच पुढचं काम झालं. मला ती सावधगिरी हवीच आहे. पण तेवढीच सावधगिरी आपण विषाच्या बाटलीबाबत का दाखवत नाही? एक किडा आणायचा तर वर्षानुवर्षं चाचण्या, आणि तीन औषधं एका पंपात एकत्र करायची तर काउंटरवरच्या पोराचं तोंडी सांगणं पुरतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्या बायकांपैकी कितीजणींना त्या कापसाच्या पानावर ढालकिडे, क्रायसोपा, कोळी असे मित्र होते का, हे कुणी कधी विचारलं असेल?

मित्रकीटकांचं काम दिसायला वेळ लागतो आणि त्यांना जपून हाताळावं लागतं. ट्रायकोकार्डचंच बघा. पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर तांदळातल्या पतंगाची साधारण वीस हजार अंडी चिकटवलेली असतात, आणि त्यांच्यात ट्रायकोग्रामा या अर्ध्या मिलिमीटरच्या माशीने आपली अंडी घातलेली असतात. अंडी काळी झाली की समजायचं, माशी लागली आहे. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या पाठीला टाचायच्या, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. माशा बाहेर पडून खोडकिडीची, कांडीकिडीची अंडी शोधतात आणि अळी जन्मायच्या आधीच तिचा निकाल लावतात. उसाला हेक्टरी ५० हजार अशा हिशेबाने दर दहा-पंधरा दिवसांनी सोडायच्या. पण कार्ड म्हणजे जिवंत माल. दुधासारखा तो थंड ठेवावा लागतो आणि वेळेत पोचावा लागतो. मी एकदा पाच कार्डं घेतली, दुकानात ती उन्हाच्या खिडकीत पडलेली होती. घरी येऊन बघते तर अंड्यांना भोकं, माशा केव्हाच उडून गेलेल्या. माझे पैसे गेले, पण त्याहून वाईट म्हणजे आमच्या गल्लीत ट्रायकोकार्डचं नाव गेलं. औषधाची बाटली वर्षभर फडताळात टिकते, म्हणून गावोगाव पोचते. कार्ड आठ दिवस टिकतं, म्हणून त्याच्यासाठी तालुक्याला शीतपेटी आणि वार ठरवून येणारी गाडी हवी. दूध संघ गावागावातून दोन वेळचं दूध उचलू शकतात, तर आठवड्यातून एकदा कार्डं पोचवणं अवघड नाही. बचतगटाच्या बायकांनी हे काम हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. भरडलेल्या धान्यावर पतंग वाढवणं, अंडी गोळा करून चाळणं, डिंकाने कार्डावर लावणं, यात पापड लाटण्याहून वेगळी निगुती लागत नाही.

मित्र ओळखून मोजायला शिकवणारी शाळाही आहे. तिला शेतीशाळा म्हणतात, आणि ती मूळची इंडोनेशियातल्या भाताच्या खाचरातली. तिथं तपकिरी तुडतुड्यांनी भात जाळला होता. जितकं औषध मारावं तितके तुडतुडे वाढत, कारण औषधाने आधी कोळी आणि इतर भक्षक मरायचे. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरची ५७ कीटकनाशकं एका आदेशाने बंद केली, आणि पुढं शेतकऱ्यांना बांधावर बसवून मोजायला शिकवलं. औषधांचा वापर उतरला, भाताचं उत्पन्न मात्र घटलं नाही.

आमच्या गावात सोयाबीनची शेतीशाळा झाली तेव्हा मीही गेले होते. तक्ता काढायला दिला होता. मधोमध झाड, वर सूर्य किंवा ढग, एका बाजूला सापडलेल्या किडी, दुसऱ्या बाजूला मित्र. आमच्या गटाने दहा झाडं बघितली. किडींची बाजू भराभर भरली, उंटअळी, पानं गुंडाळणारी अळी, सगळ्यांची नावं पाठ. मित्रांच्या बाजूला ढालकिडा लिहिला आणि सगळ्या थांबलो. एकीने कोळी सांगितला, कुणी चतुर, कुणी पिकावर बसणारा कोतवाल. मग एका म्हातारबाईंनी पानाला चिकटलेली पांढरी, कडक झालेली अळी आणून दाखवली. ती बुरशीने मेलेली होती, ओल्या हवेत ही बुरशी एका अळीवरून दुसरीवर जाते. म्हातारबाई म्हणाल्या, असल्या लई बघितल्या, पण औषधानं मेल्या असतील म्हणून सोडून दिल्या. ज्याने त्यांचं काम केलं त्याचं नाव त्यांना पन्नास वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. ती शेतीशाळा एका हंगामापुरती होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाचा नंबर लागला.

आता उसावर ड्रोन येतो. त्याला माझा विरोध नाही. पाठीवर पंप घेऊन दोन पुरुष उंच उसात शिरणारा माणूस मी पाहिला आहे, त्याची ती रात्रही पाहिली आहे. माणूस विषापासून लांब राहत असेल तर ड्रोन यावाच. पण ड्रोनमुळे फवारणी इतकी सोपी झाली आहे की फडात पाऊल न टाकताच ती होते. पूर्वी निदान फवारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पान यायचं. आता एकर दहा-पंधरा मिनिटांत उरकतो, आणि वारं असेल तर थोडं औषध शेजारच्या बांधावरच्या चवळीवर, मक्यावर, झेंडूवरही जातं, जिथं आमचे ढालकिडे राहतात. म्हणून ड्रोन उडवायच्या आधी बांधावर जाऊन मोजणी केल्याचा कागद असावा, असं मला वाटतं. भाडं घेणाऱ्याने तो मागावा, आम्ही द्यावा.

गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या रानात चार-पाच ठिकाणी पांढरं दिसलं. मुलाने ड्रोनवाल्याला फोन करून गुरुवार ठरवला. मी काही बोलले नाही. काल सकाळी त्याला सोबत घेतलं, आबांच्या हिशेबाची जुनी वही घेतली आणि फडात शिरलो. कडेची सोडून आत पंचवीस पानं उलटी केली. एकोणीस पानांवर मावा, त्यातल्या अकरांवर डिफाची जाळी, दोन पानांवर मायक्रोमस. मुलगा बराच वेळ एका जाळ्यापाशी भिंग धरून उभा राहिला. गुरुवारचं त्याने रद्द केलेलं नाही, आठ दिवस पुढं ढकललंय. बुधवारी पुन्हा तीच पंचवीस पानं मोजायची आहेत, म्हणून आम्ही त्या उसांना लाल दोरा बांधून ठेवलाय.